हात माखले तर माखू द्या

(मंडळाच्या सभागृहात पालक आणि आजीआजोबांच्या मेळाव्यात बालविभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीसमोर उभं राहून पसाऱ्याची बाजू मांडायची हे जरा धाडसाचंच काम आहे. पण बाप्पा स्वतः आमच्या बाजूने साक्ष देईल अशी आम्हाला खात्री आहे. त्याची जन्मकथा आठवा. पार्वतीने अंगाला उटणं लावलं होतं. ते चोळून निघालेलं उटणं, मळ हातात घेऊन तिने एक पोर घडवलं आणि दाराशी उभं केलं. ज्याला आपण चौसष्ट कलांचा अधिपती म्हणतो तो न्हाणीघरात, ओल्या हातांनी, अंगाच्या लेपातून जन्मला. त्या वेळी कुणी पार्वतीला ‘आधी हात धू’ म्हटलं असतं तर आज आपल्याला ही दहा दिवसांची मजा नसती.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की गेली चार वर्षं आम्ही सहा जणी मंडळाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी सकाळी दोन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन बसतो. घरी शिजवलेले रंग, पिठाचे लेप, हळद, बीट, फुलांचं पाणी. मुलं कागद रंगवतात, फरशी रंगवतात, एकमेकांचे हात, पाय आणि पोटं रंगवतात. मग तासाभराने नळाखाली ओळीने उभी राहतात. या कार्यक्रमाबद्दल मंडळात दोन मतं आहेत हे आम्ही जाणून आहोत. एका काकांनी तर आम्हाला ऐकवलं, “आपलं इंदूर 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येत होतं, आणि तुम्ही मंडळात मुलांना बरबटवायला शिकवता!” काका, शहर स्वच्छ ठेवायला आम्हीही ओला कचरा वेगळाच टाकतो. पण तीन वर्षांच्या मुलाचे हात स्वच्छ राहिले तर त्या हातांना शिकवायचं काय, हा आमचा प्रश्न आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

पहिल्या वर्षी आमच्या एक गोष्ट लक्षात आली. आपल्या मुलांना मराठी समजतं. ‘पाणी आण’, ‘जेवायला चल’, ‘आजीला नमस्कार कर’ हे सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरी अर्धं अर्धं. तिसऱ्या-चौथ्या पिढीत हे व्हायचंच, त्यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण आम्ही मुलांच्या हातावर काहीही ठेवलं, शिजवलेली खळ असो, भिजवलेला साबुदाणा असो, ओली माती असो, की सगळ्यांचा एकच शब्द यायचा: ‘यक!’ फार तर ‘गंदा है’. हाताला पाच वेगवेगळ्या गोष्टी लागत होत्या आणि तोंडात शब्द एक.

आता आपण मराठी माणसं. आपल्याकडे हाताला काय लागलं हे सांगायला किती शब्द आहेत! गूळ चिकट असतो. भेंडी बुळबुळीत असते. फार पिकलेलं केळं गिळगिळीत लागतं. पिठलं सरसरीत करायचं की घट्ट, यावर घरोघरी वाद होतात. आमटी पळीवाढी हवी. रवा रवाळ, माती भुसभुशीत, भिजलेलं फडकं थबथबीत. आणि क्रियापदं पाहा. तेल चोपडतात, लोणी फासतात, चंदन उगाळतात, शेणाने सारवतात, पीठ मळतात, कणीक तिंबतात, भाकरी थापतात, ताक घुसळतात, वरण घोटतात, भात कालवतात. पावसात खेळून आलं की पाय बरबटतात. आंबा खाल्ला की तोंड माखतं. माखणं आणि बरबटणं यांतला फरक कोणत्याही आजीला विचारा. माखण्यात थोडं कौतुक आहे, बरबटण्यात धपाटा.

हे शब्द पुस्तकातून येत नाहीत. तक्ता लावून, चित्र दाखवून ‘बुळबुळीत’ शिकवता येत नाही. तो शब्द हाताला लागावा लागतो, आणि लागत असतानाच कुणीतरी तो कानावर घालावा लागतो. पूर्वी हे आपोआप व्हायचं. पोरं चुलीपाशी, अंगणात, गोठ्यात घुटमळायची. बायकांचे हात कशात ना कशात असायचे आणि तोंड चालू असायचं. आता कणीक यंत्रात मळली जाते, इडलीचं पीठ पिशवीत येतं, अंगणाला फरशी आहे, आणि दोन वर्षांच्या पोराच्या बोटांना दिवसभर एकच स्पर्श ठाऊक असतो, मोबाइलच्या काचेचा. काच गुळगुळीत. झाला एक शब्द. बाकीचे कुठून येणार?

म्हणून आमचे रविवार. आम्ही चित्रकला शिकवत नाही, आमच्यातल्या चौघींना धड घोडाही काढता येत नाही. आम्ही मुलांचे हात कशात तरी घालतो आणि मराठीत बडबडतो.

आता कृती सांगतो, कारण मागच्या वर्षीपासून अनेक सुना आणि दोन आजोबा ती मागत आहेत. मूळ रंग अगदी सोपा आहे. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट तेवढ्याच थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचं. दुसरीकडे दोन वाट्या पाणी उकळायचं. उकळत्या पाण्यात ते मिश्रण हळूहळू ओतत मंद आचेवर ढवळत राहायचं. तीन-चार मिनिटांत पांढरट रंग जाऊन ते काचेसारखं पारदर्शक आणि दाट होतं. उतरवायचं, साय येऊ नये म्हणून अधूनमधून ढवळत पूर्ण गार करायचं. बस, झालं. पहिल्यांदा आम्ही हे पातेलं इथे आणलं तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी काठी टेकत आल्या, बोट बुडवलं, दोन बोटांत घोळवलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर खळ! आम्ही लुगड्यांना द्यायचो.” आम्ही इंटरनेटवरून शोधून काढलेली कृती त्यांना सत्तर वर्षांपासून पाठ होती. मग त्यांनी मुलांना खळ दिलेलं लुगडं वाळल्यावर कसं कडक उभं राहायचं, त्यावर पाणी शिंपडून घडी कशी घालायची, हे हातवारे करून सांगितलं. त्या दिवशी सहा मुलांनी ‘खळ’ हा शब्द घरी नेला. एका आईने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की ही खळ म्हणजे काय, पोरगं मागतंय.

रंगासाठी स्वयंपाकघरच पुरतं. हळद आहेच. बीट किसून पिळलं की झकास गुलाबी निघतो, पण तो खळ गार झाल्यावरच घालायचा. गरम पातेल्यात घातला तर रंग मरतो. कागदावरही तो चार दिवसांत तपकिरी पडतो, तेव्हा बिटाचं चित्र फ्रेम करून भिंतीवर लावायच्या भानगडीत पडू नका. पालक वाटून गाळला की हिरवा. जांभळाच्या दिवसांत जांभळं. तपकिरीला कोको. आणि हल्ली श्रावण-भाद्रपदात गोकर्णीला बहर आहे. पाच-सहा निळी फुलं गरम पाण्यात टाकून ठेवा, निळंशार पाणी मिळतं. त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळट गुलाबी. तीन वर्षांची मुलं हे बघताना श्वास घ्यायची विसरतात. मोठ्या माणसांनाही पुन्हा पुन्हा करून बघावंसं वाटतं, आमच्या कार्याध्यक्षांनी चार लिंबं संपवली.

हळदीचंही असंच. कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवायचं आणि मुलांना खायच्या सोड्याचं पाणी कापसाच्या बोळ्याने लावू द्यायचं. पिवळ्यावर लाल रेघ उठते. लिंबाचा थेंब पडला की परत पिवळी. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेलं आहे, त्यात गंमत आहे हे मुलांकडून कळतं. जुन्या काळी हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच गुणावर. एरवी ‘हळदीकुंकू’ हा मुलांसाठी आई नटून जाते तो कार्यक्रम, त्या दिवशी पिवळ्याचं लाल होताना पाहून पाच वर्षांच्या एका मुलीने विचारलं, “म्हणजे कुंकू हळदीचं बाळ आहे का?” आम्ही हो म्हणालो.

बरं, हळदीचे डाग. सगळ्यांना हाच प्रश्न असतो. कपडा धुवून ओला असतानाच कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत बराचसा उतरतो. ऊन हळदीला टिकू देत नाही. हातापायांना आधी थोडं खोबरेल लावलं की पिवळेपणा चटकन निघतो.

पसाऱ्याचा आणखी एक प्रकार आहे, त्यात रंगही लागत नाही. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर आणि एक वाटी पाणी परातीत कालवा. बुक्की मारली की दगड, बोट अलगद सोडलं की ते आत बुडतं; मूठ वळली की गोळा, उघडली की ओघळतं. याला मराठीत नाव नाही. मुलांनी ‘फसवं पीठ’ असं नाव ठेवलंय आणि आम्हाला ते पसंत आहे. एक सूचना मात्र गंभीरपणे: हे मोरीत ओतू नका. ते तळाशी बसून नळी तुंबते. परातीत वाळू द्या, भुगा होतो, तो ओल्या कचऱ्यात.

आता अंग रंगवण्याकडे येतो. इथे आम्ही जरा कडक आहोत, आणि सर्वांनी असावं असं आमचं मत आहे. कागदासाठी चालणारी प्रत्येक गोष्ट कातडीसाठी चालत नाही. पोस्टर कलरच्या बाटलीवर विषारी नाही असं लिहिलेलं असतं, ते कागदावर वापरण्यासाठी. गालावर लावायला ते केलेलंच नसतं. चुना तर मुलांच्या जवळपासही नको, डोळ्यात गेला तर इजा होते. लिंबाचा रस अंगाला लागून ऊन लागलं तर चट्टे उठतात, फोडही येतात. म्हणून लिंबाचे प्रयोग वाटीत, कातडीवर नाही. चमकी गालावर नको, ती डोळ्यात जाते. आणि शेंदूर. खरा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तो गणपतीला शोभतो, मुलाच्या कपाळाला नाही. बाजारी सिंदूर-गुलालात काय मिसळलंय हे पुडीवरून समजत नाही, त्यामुळे तेही आम्ही वर्ज्य केलेत.

मेंदीबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण लग्नसराईत आणि राखीला सराफ्यात-राजवाड्यावर ओळीने मेंदीवाले बसतात आणि आपण मुलींना घेऊन जातो. खरी मेंदी आधी नारिंगी रंगते आणि दुसऱ्या दिवशी गडद होते. जी मेंदी अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगते ती मेंदी नव्हे. तिच्यात केसांच्या कलपात असतं ते रसायन घातलेलं असतं, पीपीडी म्हणतात त्याला. त्याने लहान मुलांच्या हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठतात, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती जन्मभर राहू शकते. तेव्हा ‘भैया, जल्दी वाली लगा दो’ हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये. पाला वाटून घरी भिजवलेली मेंदी मुलांना लावा, ती ठिपक्यांचीच येईल, येऊ द्या.

मग अंगाला लावतो काय? पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी, पाण्यात दाट कालवलेली. ती वाळताना कातडी ओढते आणि नंतर तडकते. मूठ उघडझाप केली की हातावर नदी वाळल्यासारख्या भेगा पडतात, हे मुलं पुन्हा पुन्हा करतात. पिवळ्यासाठी चक्क्यात चिमूटभर हळद. तपकिरी पट्ट्यांसाठी कोको. एवढ्यात वाघ होतो. वाघ डोळ्यांपासून आणि ओठांपासून दूर ठेवायचा, गालावर दोन पट्टे पुरे. कुठलाही नवा लेप आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून बघायचा. कुणाला गव्हाचं, दुधाचं, दाण्यांचं वावडं आहे हे आम्ही दारातच विचारून घेतो, आणि दाण्यांचं कूट तर आणतच नाही. दोन वर्षांखालच्यांना तोंडात घालण्याची सवय असते, त्यांच्या रंगात मीठ घालू नका. बरेच जण रंग टिकावा म्हणून भरपूर मीठ घालतात. ते तान्ह्या पोटाला घातक आहे. बिनमिठाची खळ दोन दिवस फ्रिजमध्ये राहते, वास आला की फेकायची. थोडीच करावी हे बरं.

अंगाचा ठसा उमटवणं आपल्याला नवीन नाही. परवाच आपल्या घरांतून गौरी आल्या. दारापासून गौरीच्या जागेपर्यंत पावलं कशी काढता? स्टिकर आणता, माहीत आहे. पण अजून काही घरांत हाताची मूठ वळून तिची करंगळीकडची कड पिठाच्या पाण्यात बुडवतात आणि जमिनीवर टेकवतात. वर बोटाने पाच ठिपके दिले की इवलंसं पाऊल तयार. डाव्या मुठीचं डावं, उजव्या मुठीचं उजवं. तीन वर्षांच्या मुलाला जमतं आणि कधीच विसरत नाही. यंदा आमच्या मुलांनी शेडभर अशी पावलं काढली. गौरी नेमकी कोणत्या दिशेने गेली असेल हे सांगणं कठीण आहे, काही पावलं भिंतीवरही चढली आहेत.

आणि हे माळव्यात राहणाऱ्या आपल्याला तर दुप्पट जवळचं आहे. इथल्या घरांपुढे खडू आणि गेरूचे मांडणे निघतात. पळसाला इथे टेसू म्हणतात. फाल्गुनात त्याची फुलं रात्रभर भिजवून केशरी पाणी करण्याची रीत होती, आणि आपली रंगपंचमीची गेर तर साऱ्या देशात गाजलेली. शहर एक दिवस डोक्यापासून पायापर्यंत रंगतं आणि त्याचा अभिमान सांगतं. मग उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मुलाच्या कोपराला रंग लागला की आपण कासावीस का होतो?

थोडं शिक्षणाबद्दल. बोटांनी रंगवणं शाळेत आणणारी म्हणून रूथ फेसन शॉ या अमेरिकन बाईंचं नाव घेतलं जातं. त्या रोममध्ये मुलांची शाळा चालवायच्या आणि 1934 मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं. ते खरंच. पण आपल्या ताराबाई मोडक विसरू नका. मराठी बाई, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात काम केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि पुढे अनुताई वाघांना सोबत घेऊन त्या बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये जाऊन राहिल्या. महागडी साधनं तिथे कुठून येणार? पानं, बिया, माती, शंख-शिंपले, जे अंगणात मिळेल त्याने त्यांनी बालवाडी चालवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांच्या त्या कामाशी जोडलेला आहे, पुढे तो सरकारने देशभर नेला. आणि ज्या वारली मुलांत त्या बसल्या त्यांच्या घराच्या भिंती आधीपासूनच शेणा-गेरूने सारवून तांदळाच्या पिठाने चितारलेल्या होत्या. मध्यमवर्गीय मुलांना जे शिबिराची फी भरून मिळतं, ते त्या घरांत आईच्या कडेवर बसून मिळत होतं.

आता सर्वांत खरा आक्षेप. तो काकांचा नव्हता, आमच्याच एका आजींचा होता, आणि तो आम्हाला अजून पुरता सुटलेला नाही. त्या म्हणाल्या, “अन्नाशी खेळू नये. आम्ही दुष्काळ पाहिलेत, मिलोचं पीठ खाल्लंय. तुम्ही पोरांच्या पायाखाली पीठ पसरता, मला बघवत नाही.” यावर आमच्याकडे हजरजबाबी उत्तर नव्हतं. रांगोळीही पूर्वी तांदळाच्या पिठीची असायची, मुंग्यांच्या तोंडी जायची, असं आम्ही म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, “मुंग्या खायच्या ना? तुमचं मोरीत जातं.” खरं आहे. मग आजींनाच बसवून नियम ठरवले. शिजवलेलं अन्न वापरायचं नाही. दूध नाही, चक्का एका वाघाला एक चमचा. भात, पोळी, डाळ नाही. पीठ मोजून, अर्ध्या वाटीवर नाही. बिटाचा रस रंगाला आणि चोथा थालीपिठात, थालीपीठ मुलांनीच खायचं. पाय ठेवायचा तो फक्त मातीच्या रंगात, पिठाच्या नाही. आजी आता दर रविवारी येऊन वाटी मोजतात. त्यांचं समाधान झालंय असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या येतात, आणि वाटी मोजताना मुलांना बोलतात, आणि ते बोलणं आम्हाला अर्ध्या वाटी पिठापेक्षा फार मोलाचं वाटतं. मिलो म्हणजे काय, हा प्रश्न एका मुलाने त्यांना विचारला. उत्तर वीस मिनिटं चाललं.

पालकांना आमची एक विनंती आहे आणि ती जरा टोचेल. ‘आज काय बनवलंस?’ असं मुलाला विचारू नका. बहुतेक रविवारी मुलांनी काहीच बनवलेलं नसतं. कागद आधी पिवळा होतो, मग गुलाबी, मग सगळे रंग एकत्र होऊन चिखलाचा रंग येतो आणि मूल तृप्त होऊन उठतं. ग्रुपवर टाकायला फोटो हवा म्हणून कुणी मुलाचा हात धरून त्यातून मोर काढून घेतला की ते मूल पुढच्या वेळी आपल्या हातांकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघत बसतं. हे आम्ही दर महिन्याला बघतो. विचारायचंच तर विचारा, हाताला कसं लागलं? गार होतं का? चिकट की बुळबुळीत? हे मराठीत विचारा. उत्तर हिंदीत आलं तरी शब्द पकडून ठेवा: “चिपचिपा? हं, चिकट होतं होय!” दुरुस्त करू नका, नुसता आपला शब्द शेजारी ठेवा.

आणि सगळीच मुलं हात घालत नाहीत. एक मुलगा तीन रविवार दाराच्या चौकटीला चिकटून उभा होता. हाताला काही लागलं की त्याला रडू येई. त्याची आई ओशाळून त्याला पुढे ढकलू पाहत होती. आम्ही तिला खुर्ची दिली. चौथ्या रविवारी झिपच्या पिशवीत रंग भरून, चिकटपट्टीने तोंड बंद करून त्याच्यापुढे ठेवला. वरून दाबलं की रंग पळतो, हाताला काही लागत नाही. तासभर तो तेच करत होता. आणखी दोन आठवड्यांनी त्याने चमचा मागितला, मग एक बोट. बोट बुडवून त्याने ते बराच वेळ बघितलं आणि शेजारच्या आजींच्या हाताला पुसलं. आजी म्हणाल्या, “माखलास रे मला!” तो हसला आणि म्हणाला, “माखला.” घरी तो आजवर हिंदीच बोलत आला आहे.

अनंत चतुर्दशी झाली की पितृपंधरवडा लागेल. माळव्यातल्या मुली त्या पंधरवड्यात संध्याकाळी भिंतीवर शेणाची संजा मांडतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, रोज नवा आकार आणि शेवटी किलाकोट. आपल्या भोंडल्याची ती शेजारीण. यंदा शेडमध्ये प्लायवुडच्या फळ्या लावून आम्ही ती मांडणार आहोत. लहानग्यांसाठी शेणाऐवजी ओली माती असेल, मोठ्या मुलींना हवं तर शेण, हात धुवायला साबण आणि भरपूर पाणी. आपल्या शेजारच्या माळवी घरांतल्या एक-दोन मावशींना आम्ही बोलावलं आहे, त्या दाखवतील. तेरडा, झेंडू, जास्वंद, ज्याच्या दारात जे असेल ते घेऊन या. मुलांना जुने कपडे घाला, नवे घालून ‘सांभाळून खेळ’ म्हणू नका. एक पंचा आणि थोडं खोबरेल. आणि ज्यांच्या घरी आजी किंवा आजोबा आहेत त्यांनी त्यांना जरूर आणावं, खुर्च्या आम्ही मांडून ठेवू. सकाळी नऊला सुरुवात, साडेदहाला नळ.

गणपती बाप्पा मोरया!